क्वाड्रॅटमध्ये एकदा शून्य, एकदा ४१: चुकलं काय?

बारावी सायन्सच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. ऐरोलीला खाडीकाठी प्रोजेक्टसाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट (क्वाड्रॅट) दहा ठिकाणी ठेवून त्याने खेकड्यांची बिळं मोजली. आकडे आले: ०, २, ४१, ०, ५, ३३, १, ०, २८, ०. सर म्हणाले, मोजण्यात गडबड आहे, परत कर. शिवाय त्याने चिखलावरच्या ४० गोगलगायींना नेलपॉलिश लावून सोडलं. दुसऱ्या दिवशी ५० पकडल्या, त्यात खुणेच्या दोनच निघाल्या आणि सूत्राने एकूण संख्या १००० आली. ती खरी मानायची का? शेवटचा प्रश्न, हार्डी-वाइनबर्गचं समीकरण पाठ आहे, पण ते असतं कशासाठी?

आधी सरळ उत्तरं देते. बिळांच्या आकड्यांत गडबड नाही, उलट तुझ्या वहीतली तीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे. गोगलगायींचे १००० मात्र मानू नकोस. आणि हार्डी-वाइनबर्ग हा वेगळा धडा नाहीच. तुझ्या दहा चौकटींनी जो प्रश्न विचारला तोच प्रश्न तो जनुकांना विचारतो. ‘सगळं एकमेकांत नीट मिसळलेलं असतं, तर काय दिसलं असतं?’ आधी ते काढायचं, मग प्रत्यक्ष दिसलेलं त्याच्याशेजारी ठेवायचं. दोन्ही जुळले तर मिसळण आहे. जुळले नाहीत तर कुठेतरी भिंत आहे, आणि ती शोधणं हेच आमचं काम.

बिळांपासून सुरुवात करू. तुझ्या दहा आकड्यांची बेरीज ११०, सरासरी ११. अंगणात मूठभर तांदूळ उधळले आणि फरशा मोजल्या, तर प्रत्येक फरशीवर सारखे दाणे पडत नाहीत, पण त्या असमानतेलाही एक नियम असतो. निव्वळ योगायोगाने विखुरलेल्या गोष्टींचा व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, साधारण सरासरीइतकाच येतो. म्हणजे तुझी बिळं तशी विखुरलेली असती, तर व्हेरिअन्स ११ च्या आसपास यायला हवा होता, आणि बहुतेक चौकटींत पाच ते सतरा बिळं दिसायला हवी होती. सरासरी ११ असताना एखादी चौकट पूर्ण रिकामी मिळण्याची शक्यता साठ हजारांत एक. तुला दहापैकी चार रिकाम्या मिळाल्या.

तुझा प्रत्यक्ष व्हेरिअन्स निघतो सुमारे २६४. भागिले ११ केलं की २४. हा आकडा १ च्या जवळ असता तर बिळं इतस्ततः, १ पेक्षा बराच कमी असता तर एकमेकांपासून अंतर राखून, आणि इतका मोठा असेल तर पुंजक्यांनी आहेत असं समजायचं. मोजणीतली नेहमीची चूक, म्हणजे एखादं बीळ सुटणं किंवा दोनदा धरलं जाणं, २४ पर्यंत नेत नाही. हे काम जमिनीचं आहे.

कोणती जमीन, ते तूच वहीच्या समासात लिहिलं आहेस: ४१, ३३ आणि २८ या तिन्ही चौकटी तिवरांच्या मधल्या मोकळ्या, मऊ चिखलावर होत्या. बाकीच्या सात एकतर श्वसनमुळांच्या दाटीत किंवा वरच्या कडक, सुकलेल्या बांधावर. आता हे दोन गट वेगळे कर. मोकळ्या चिखलातल्या तीन चौकटींची सरासरी ३४, व्हेरिअन्स ४३, भागाकार १.३ च्या खाली. म्हणजे त्या पट्ट्याच्या आत बिळं जवळजवळ तांदळासारखीच विखुरलेली आहेत! उरलेल्या सातांची सरासरी १.१. खाडीकाठाचे दोन वेगळे भाग तू एका यादीत लिहिलेस, एवढंच झालं.

याचा एकूण अंदाजावर काय परिणाम होतो तो बघण्यासारखा आहे. सगळे दहा एकत्र धरले तर सरासरी ११ आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे त्या सरासरीत किती चूक असू शकते त्याचं माप, ५.१. त्यावरून ९५ टक्क्यांची मर्यादा काढलीस तर खालचं टोक शून्याच्याही खाली जातं, म्हणजे दर चौरस मीटरला उणे अर्धं बीळ. हे हसण्यासारखं असलं तरी असे आकडे छापलेले मी पाहिले आहेत. आता समज, तुझ्या जागेत मोकळा चिखल २० टक्के आहे. मग ३४ चे २० टक्के अधिक १.१ चे ८० टक्के, मिळून दर चौरस मीटरला सुमारे ७.७ बिळं, आणि स्टँडर्ड एरर १ च्याही खाली. चौकटी त्याच, मेहनत तीच. एकत्र मोजून सरासरीच्या वीस टक्क्यांच्या आत यायचं म्हटलं असतं, तर तुला दोनशेच्या वर चौकटी लागल्या असत्या. या पद्धतीला स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग म्हणतात, आपण पट्टेवार नमुना म्हणू.

एक अट मात्र पक्की लक्षात ठेव. पट्टे आकडे बघून पाडायचे नाहीत. ‘जिथे जास्त आले तो एक गट’ असं केलंस तर कुठल्याही यादीतून सुंदर गट निघतात. पट्टे चिखलाच्या पोतावरून, मुळांच्या दाटीवरून, भरतीचं पाणी कुठवर चढतं यावरून, मोजायच्या आधी ठरवायचे आणि नकाशावर आखायचे. तू शेरा मोजतानाच लिहिला होतास म्हणून तुझ्या बाबतीत थोडी सूट. तरी एका पट्ट्यात तीन चौकटी फार कमी आहेत, किमान दहा-बारा कर.

चौकट ठेवण्याबद्दल. पाठीमागे न बघता फेकायची असं पुष्कळ ठिकाणी शिकवतात. फेकलेली चौकट कधीच गुडघाभर चिखलात किंवा काटेरी मारांडीच्या जाळीत पडत नाही, कारण फेकणाऱ्याच्या हाताला परत आणायला जायचं कुठे हे माहीत असतं. दोरीने एक आधाररेषा आख, मोबाईलवर यादृच्छिक आकडे काढ, तितकी पावलं रेषेवर आणि तितकी आत. कडेवर आलेल्या बिळांसाठी नियम आधी ठरव: डाव्या आणि वरच्या कडेला शिवणारी धरायची, उजव्या आणि खालच्या कडेची सोडायची. दाट चौकटीत डोळ्यांनी मोजू नकोस. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी झाडूची एकेक काडी रोवत जा, शेवटी काड्या मोज. चाळिसाच्या वर गेलं की डोळे हमखास फसवतात, काड्या फसवत नाहीत.

आणि बीळ म्हणजे खेकडा नव्हे. काही बिळं सोडून दिलेली असतात, काहींना दोन तोंडं असतात. निवटीचंही, म्हणजे चिखलावर उड्या मारणाऱ्या छोट्या माशाचंही, बीळ असतं, ते बहुधा पाण्याने भरलेलं आणि कडेला चिखलाची कड असलेलं दिसतं. ते खेकड्यांत धरलंस तर संपलं. म्हणून अहवालात ‘खेकड्यांची घनता’ लिहू नकोस, ‘बिळांची घनता’ लिही. एक नांगी मोठी असलेले ते छोटे खेकडे पाणी चढायच्या आधी बिळाचं तोंड चिखलाने बंद करतात, त्यामुळे भरती लागायच्या तासभर आधी मोजलंस तर तीच जागा अर्धी रिकामी दिसेल. सगळ्या चौकटी सुकतीच्या एकाच टप्प्यावर झाल्या पाहिजेत. इथले कोळी-आगरी तिथीच्या पाऊणपटीने भरती काढतात: पौर्णिमेला पंधराचा पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाला. त्यात सहा तास मिळवले की सुकती. ठाण्याच्या टोकाकडे पाणी थोडं उशिरा पोहोचतं तेवढं धरून चाल. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसातल्या आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसातल्या चौकटी एका यादीत घालू नकोस, नाहीतर पट्टे पाडूनही परत तीच भानगड.

आता हार्डी-वाइनबर्ग. १९०८ मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी आणि जर्मनीत स्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी एकमेकांना न कळता हे मांडलं. त्या वेळी लोकांना वाटत होतं की प्रभावी गुण हळूहळू पसरून तीनास एक प्रमाणावर येईल. मेंडेलच्या वाटाण्यात ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे आले ते ठरवून केलेल्या संकरात. समाजात तसं काही होत नाही. हाताला सहा बोटं असणं पुष्कळदा प्रभावी गुण असतो, म्हणून लोकलच्या डब्यात तीन चतुर्थांश लोक सहा बोटांचे दिसतात का? प्रभावी म्हणजे एका प्रतीनेही दिसणारं. समाजात ते किती जणांत आहे, हा निराळा प्रश्न.

त्यांनी सांगितलं ते इतकंच: जोड्या कुठलाही भेद न करता जुळत असतील, बाहेरून कोणी येत-जात नसेल, निवड आणि उत्परिवर्तन नसेल, संख्या मोठी असेल, तर पी आणि क्यू ही अलीलांची, म्हणजे एकाच जनुकाच्या दोन रूपांची, प्रमाणं पिढ्यान्‌पिढ्या तीच राहतात, आणि माणसं पी वर्ग (दोन्ही प्रती पहिल्या रूपाच्या), दोन पी-क्यू (मिश्र), क्यू वर्ग (दोन्ही दुसऱ्या रूपाच्या) या प्रमाणात वाटली जातात. हे वर्णन खरं असतं म्हणून ते वापरत नाहीत. ते कुठे आणि किती मोडतं ते बघायला वापरतात, जसा तू व्हेरिअन्स भागिले सरासरी वापरलास.

एक उदाहरण हाताने सोडवून बघ. खाडीच्या दोन काठांवरच्या एकाच जातीच्या माशांचे शंभर-शंभर नमुने घेतले असं समज. पहिल्या काठावर पी ०.९, तिथे ८१ मासे ‘एए’, १८ मिश्र, १ ‘बीबी’. दुसऱ्या काठावर पी ०.३, तिथे ९, ४२ आणि ४९. प्रत्येक काठ आपल्यापुरता तंतोतंत हार्डी-वाइनबर्गमध्ये आहे. आता कोणीतरी दोन्ही बादल्या एकत्र केल्या: ९० एए, ६० मिश्र, ५० बीबी. एकूण पी ०.६ निघतो आणि त्यावरून अपेक्षित येतात ७२, ९६, ३२. मिश्र मासे ९६ हवे होते, मिळाले ६०. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतली तफावत मोजणारा काय-स्क्वेअर येतो २८ च्या वर, योगायोगाची मर्यादा ३.८४. ही मर्यादा एका डिग्री ऑफ फ्रीडमची आहे. गट तीन, त्यातून एक वजा, आणि पी तू त्याच आकड्यांवरून काढलास म्हणून एक आणखी कमी होते. परीक्षेत निम्मी मुलं इथे दोन धरतात.

मिश्रांची ही तूट म्हणजे तुझे ४१ आणि ०. दोन वेगळ्या वस्त्या एका यादीत लिहिल्या की जनुकांत हेटेरोझायगस (मिश्र) कमी पडतात आणि चौकटींत व्हेरिअन्स फुगतो. जनुकशास्त्रात याला वालुंड इफेक्ट म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

माणसांतही हे दिसतं, आणि आपल्याकडे तर ठळक. जातीतल्या जातीत लग्नं होतात तोवर ठाणे शहराचा सरसकट नमुना हा अनेक वस्त्यांचा एकत्र केलेला ढीग असतो. त्यात नात्यातली लग्नं. बॉम्बे ब्लड ग्रुपचं उदाहरण घे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. या लोकांच्या लाल पेशींवर एच अँटीजेनच नसतो, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो, पण त्यांना ओ रक्तही चालत नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. गुण अप्रभावी, दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. आपल्याकडे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असं धरतात. समीकरणात घातलं की क्यू ०.०१ आणि वाहक सुमारे पन्नासांत एक. हे उत्तर पुस्तकात बरोबर असतं. पण आते-मामे भावंडांच्या लग्नात मुलाला एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्हीकडून मिळण्याची शक्यता सोळांत एक असते. तेवढं धरून परत मांडलंस तर अशा जोडप्याच्या मुलात हा गट येण्याची शक्यता दहा हजारांत एकाऐवजी सातच्या आसपास जाते. याची दुसरी बाजू अशी की रुग्णांपैकी बरेच जण नात्यातल्या लग्नांतून आले असतील, तर दहा हजारांत एक यावरून काढलेला क्यू खऱ्यापेक्षा मोठा निघतो, आणि वाहक प्रत्यक्षात पन्नासांत एकापेक्षा कमी असतात. सूत्र दोन्ही वेळा तेच, अट मोडली आहे हे माहीत असणं महत्त्वाचं.

आता तुझ्या गोगलगायी. ४० गुणिले ५० भागिले २, म्हणून १०००. आणखी एकच खुणेची सापडली असती तर ६६७, एक कमी सापडली असती तर २०००. एक गोगलगाय इकडे किंवा तिकडे झाली की उत्तर तेराशेच्या पट्ट्यात कुठेही जातं, त्याला अंदाज म्हणत नाहीत. छोट्या आकड्यांसाठी चॅपमनची दुरुस्ती वापरतात: ४१ गुणिले ५१, भागिले ३, वजा १. उत्तर ६९६. हेही पक्कं नाही. परत सापडलेले निदान सात-आठ असल्याशिवाय मी आकडा बोलतच नाही.

पण दोनच का सापडल्या, हा जास्त चांगला प्रश्न आहे. नेलपॉलिश ओल्या, चिखलाने माखलेल्या शंखावर टिकत नाही. मधल्या भरतीत ते सुटलं असेल तर खुणेच्या कमी दिसतील आणि संख्या फुगेल. लाल रंग पक्ष्याच्या नजरेत भरून त्या खाल्ल्या गेल्या, तरीही तेच. उलट लाल रंग तुझ्याच नजरेत भरला असता तर खुणेच्या जास्त सापडून संख्या आकसली असती. सगळ्या चाळीस तू एकाच जागी सोडल्यास आणि दुसऱ्या दिवशी पन्नास पावलं पलीकडे शोधल्यास, तर मिसळण झालीच नाही. इथेही परत तेच.

हेच गणित संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे येऊरच्या बाजूलाही, बिबट्यांसाठी करतात. बिबट्याला रंग लावावा लागत नाही, अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे. डाव्या आणि उजव्या कुशीचे ठिपके मात्र सारखे नसतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकच बाजूचा फोटो मिळाला तर एका बिबट्याचे दोन होतात.

विष्ठेतल्या डीएनएवरून मोजायचं ठरवलं तर दोन्ही धडे एकत्र येतात. तिथे खूण म्हणजे जनुकांचा नमुना. उन्हात पडून राहिलेल्या विष्ठेत डीएनए तुटका असतो, त्यामुळे हेटेरोझायगस प्राण्याचा एखादा अलील यंत्राला दिसतच नाही आणि तो होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या असलेला) वाटतो. परिणाम दुहेरी. हार्डी-वाइनबर्गमध्ये मिश्रांची खोटी तूट दिसते, आणि तोच प्राणी दुसऱ्या वेळी ‘नवीन’ म्हणून मोजला जातो, म्हणजे संख्या फुगते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत एकाच नमुन्याची चाचणी अनेकदा करतात. मिश्रांची तूट दिसली की वस्त्या वेगळ्या आहेत असं लगेच जाहीर न करता आधी नमुन्याची बाटली तपासायची.

खरोखरची भिंत आहे का, हा येऊरबाबत गंभीर प्रश्न आहे. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, उत्तरेला घोडबंदर रस्ता आणि पलीकडे वसईची खाडी. अशा बेटासारख्या जागेत डोकी मोजून भागत नाही, प्रजननात भाग घेणारे किती ते लागतं. समज, १० नर आणि २५ माद्या पिल्लं देतात: चार गुणिले दहा गुणिले पंचवीस, भागिले पस्तीस, म्हणजे २९ हूनही कमी. इतक्या संख्येत दर पिढीला जनुकीय विविधता साधारण पावणेदोन टक्क्यांनी घटते. पण दर पिढीला बाहेरून एखादा जरी आला आणि पिल्लं देऊन गेला, तरी वस्त्या फारशा दुरावत नाहीत. २००९ मध्ये माळशेज घाटात जीपीएस कॉलर लावून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या महामार्ग आणि रेल्वेरूळ ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून उद्यानाच्या परिसरात पोहोचला होता. दर पिढीत एक म्हणजे किती कमी, आणि घोडबंदरच्या वाहतुकीत तो एक पोहोचणं किती कठीण, हे तुम्हा ठाणेकरांना सांगायला नको.

प्रोजेक्टपुरतं सांगायचं तर परत मोजायला नक्की जा, पण तीन पट्टे (मोकळा चिखल, मुळांची दाटी, वरचा बांध) आखून, आणि जुने दहा आकडे खोडू नकोस. ते वेगळ्या तक्त्यात द्यायचे, व्हेरिअन्स भागिले सरासरीसकट. गोगलगायींचा भाग काढून टाक. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा बराचसा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरायचंही नाही, मग पकडून रंगवणं दूरच. तुझी जागा हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विचारून घे आणि परवानगीचं पत्र अहवालाला जोड. खूण-पुनर्पकड दाखवायचीच असेल तर घरी डब्यात न मोजता ओतलेली चवळी घे, मूठभर दाण्यांवर मार्करने ठिपका दे, नीट हलव आणि काढ. मग एकदा मुद्दाम न हलवता वरच्यावर काढून बघ, आणि दोन्ही अंदाज प्रत्यक्ष मोजणीशेजारी लिही.